तिथीची पाऊणपट

बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही सात जण,
खाली लादी फुटायची
आणि वर कुणाचं तरी वाक्य.

अष्टमी. भांगेचं पाणी, सुस्त.
हर्णै बंदरात होड्या एकमेकींना टेकून उभ्या.
रझिया सोलकर गुहागरहून आली पहिल्या फेरीबोटीनं,
ऑगस्टिन वेंगुर्ल्याहून रातराणीनं, डोळे चोळत.
भामिनी चोगले लिलाव उरकून तशीच,
हाताला सुरमईचा वास, काखेत पावतीबुक.
दुसरा कागद कुणीच आणला नव्हता.
म्हणून पावत्यांच्या पाठीवर लिहायचं ठरलं
आमच्या सॉफ्टवेअरनं यापुढे कसं वागायचं ते.

अकरा वर्षांपूर्वी हॉस्टेलच्या खोलीत लिहिलेलं मी,
भरती-ओहोटी सांगणारं, दोनशे ओळींचं.
कोड उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, बदलावा.
आज त्यात माझ्या ओळी शोधाव्या लागतात,
लग्न झालेल्या बहिणीच्या घरी
माहेरची भांडी शोधावी तशा.

पहिलं तत्त्व सोपं वाटलं:
*हे सर्वांसाठी खुलं राहील.*
भामिनीनं पेन खाली ठेवलं.
"सर्वांसाठी म्हणजे, एलईडीवाल्यांनापण?
रात्री दिवे लावून पिल्लंसुद्धा ओढून नेतात.
त्यांना आपण भरती सांगायची?"

खाली तीन लाद्या फुटल्या.

धाकू तांडेल तोवर खिडकीशी होते,
बैठकीत असून नसल्यासारखे.
म्हणाले, "भरती कुणापासून लपवलीस
तर ती खोटी सांगितल्यासारखीच गो.
जाळं कुठं टाकलं, ते मात्र विचारू नये.
बापालाही विचारू नये."

मग ते तसंच लिहिलं.
भरती सगळ्यांची, जागा ज्याची त्याची;
कुठली होडी कुठं थांबली
याची नोंद आपला कोड ठेवणार नाही,
कुणी पैसे देऊन मागितली तरी.
ऑगस्टिन म्हणाला, भाषा कायद्याची नाही ही.
रझिया म्हणाली, असू दे. कळते ना?

दुपारी वीज गेली. घण थांबला.
त्या शांततेत तिनं विचारलं,
"चावी कुणाकडे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

दोन वर्षांपूर्वी मी नऊ दिवस तापानं पडलो होतो.
तक्त्यात चाळीस मिनिटांची चूक शिरली होती.
रझियाला ती सापडली, दुरुस्तीही तिनं पाठवली,
पण दार आतून उघडणारा मी,
आणि मी सलाईनला.
कर्द्याजवळ एक होडी वाळूत चढली.
माणसं वाचली. वल्हं मोडलं, आणि एक खांदा.
मी नंतर माफीचं पत्र लिहिलं, फार चांगलं,
आणि चावी खिशातच ठेवली.

"तिघांकडे," मी म्हणालो.
आवाज माझा वाटला नाही.
"आणि त्या तिघांत मी नको."
भामिनीनं लिहून घेतलं, पुन्हा विचारलं नाही.
तिनं एकदा तरी विचारावं
असं मला वाटलं होतं.

पैशाचं तत्त्व जमलं नाही.
कोची की कुठली कंपनी देणगी देते म्हणते,
देणगीला तोंड असतं, ऑगस्टिन म्हणाला,
आणि विजेशिवाय सर्व्हर चालत नाही, असं मी.
चौथी पावती कोरी सोडली.
पुढच्या भांगेला बसू.

उतरताना धाकूकाकांना विचारलं:
तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं,
की भरतीची वेळ निघते, हे कुणी शोधलं?
माझ्या कोडची पहिली ओळ ती, तुमच्याकडूनच घेतलेली.
"माझ्याकडून कुठं? मला मामानं सांगितलं.
त्याला दिघीच्या कुणीतरी."
आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा.
सहाला पाणी जेटीच्या तिसऱ्या पायरीवर होतं,
पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे.

तत्त्वांचे फोटो काढून रझियानं सगळ्यांना पाठवले.
पावतीबुक भामिनीचं, तिच्याकडेच राहिलं.
पहाटेच्या लिलावात दोन टोपल्या बांगडा घेऊन
दापोलीचा कुणी टेम्पोवाला गेला,
त्याच्या पावतीमागे, म्हणे, तिसरं तत्त्व होतं.